देवरूखच्या लेकी

(दृश्य: भर पावसातली जांभ्या दगडाची पाखाडी, खाली भरून वाहणारा पऱ्या)

पावसाळ्यात बाई अडली की कोकणातल्या वाड्यावस्त्यांवर पूर्वी डोलीशिवाय दुसरी सोय नसायची. बांबूला घोंगडी बांधायची, बाईला आत निजवायचं आणि गड्यांनी खांदा द्यायचा. पाखाडी निसरडी, पऱ्याला कमरेएवढं पाणी. दवाखाना कुठे, तर तालुक्याला.

संगमेश्वर तालुक्यातल्या देवरूखात १९५४ साली मातृमंदिर सुरू झालं, ते दोन खाटांचं प्रसूतिगृह म्हणून. सुरू करणाऱ्या इंदिराबाई हळबे, सगळ्यांच्या मावशी. ऐन तारुण्यात कपाळाचं कुंकू पुसलं गेलेलं. अशा बाईने जपमाळ घेऊन बसावं, ही तेव्हाची रीत. मावशींनी खाटा मांडल्या. मागाहून पोरक्या मुलांसाठी 'गोकुळ' उभं राहिलं.

(दृश्य: जुनं कौलारू घर, माजघर)

देवरूखची ही परंपरा त्याहून जुनी आहे. इथल्या जोश्यांच्या घरात दोन बहिणी विधवा झाल्या. थोरली गोदूबाई तर कळत्या वयाच्या आधीच. १८८९ साली मुंबईत पंडिता रमाबाईंचं शारदा सदन निघालं, तिथे शिकायला आलेली पहिली विधवा ती. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी तिच्याशी लग्न केलं. जोडपं कर्व्यांच्या गावी, दापोलीजवळच्या मुरुडला गेलं, तर गावाने वाळीत टाकलं.

सोसलं की माणूस मायाळू होतो म्हणतात. मला ते सरसकट पटत नाही. जिने सोसलं तिनेच पुढे सुनेला सोसायला लावलं, अशी घरं कोकणात काय थोडी होती? गोदूबाईंना, म्हणजे बाया कर्व्यांना, माजघरातली अडचण नेमकी ठाऊक होती: हातात विद्या नाही, पैसा नाही, आणि जायला दुसरं घर नाही. १८९६ साली कर्व्यांनी काढलेली अनाथ बालिकाश्रम मंडळी आणि पुढे हिंगण्याचा आश्रम, दोन्ही याच अडचणीवरचा उपाय.

धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. विसाव्या वर्षी वैधव्य, पदरात मूल, केशवपन झालेलं. पंचविशी उलटल्यावर पुण्यात बहिणीकडे येऊन त्या शिकायला बसल्या. मग आश्रमात काम, आणि आश्रमासाठी गावोगाव वर्गणी. दारोदार हात पसरायचा, तोही सोवळ्या बाईने! लोक काय काय बोलले असतील, ते कोकणात वाढलेल्याला सांगायला नको.

(दृश्य: बोटीचा भोंगा, धक्का)

१९१८ साली या बाई इंग्रजी शिकायला अमेरिकेला निघाल्या. वय पन्नाशीकडे झुकलेलं, भाषा येत नव्हती. तिथे परक्यांच्या घरी घरकाम करून त्यांनी पोट भरलं. परतल्यावर पुन्हा आश्रमाच्या कामाला लागल्या.