पेडल नसलेला ब्रेक

(दृश्य: बडोदा, मे महिना. गॅरेजच्या अंगणात जीप, मागे बोटीचा ट्रेलर.)

निवेदन:

या ट्रेलरच्या ब्रेकला पेडल नाही. जीपचा वेग कमी झाला की मागचा भार पुढे रेटतो, कपलरमधली, म्हणजे जीपला ट्रेलर जोडणाऱ्या भागातली, सरकती दांडी आत जाते, मास्टर सिलिंडरमधलं ऑइल दाबलं जातं आणि चाकांना ब्रेक लागतात. या यंत्रणेचं वैर पाण्याशी, आणि बोट सोडायला दर खेपेला पाण्यातच उतरावं लागतं.

पावागडावरून येणाऱ्या विश्वामित्रीत आजवा सरोवराचं पाणी मिळालं की काय होतं, हे बडोदेकरांना सांगायला नको. ऑगस्ट २०२४ मध्ये सोसायट्यांतून माणसं बोटींनी काढावी लागली. अशा वेळी ट्रेलर वाटेतच जाम झाला, तर गच्चीवरच्या माणसांनी वाट बघायची कुणाची? हे काम पावसाळ्याआधीच व्हायला हवं.

दांडिया बाजारातले मिस्त्रीकाका आधी जीप फिरवून आणायला लावतात, मग एकेका हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, हात नेतात. डावा गार, उजवा चटका देणारा. तापलेल्या चाकाचे शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, सुटत नाहीत, गार चाकाला ब्रेक लागतच नाही.

डावा ड्रम उतरतो.

“काका, शूवरचे लायनर तर शाबूत आहेत.”

“लायनर राहू दे, सिलिंडर बघ.”

रबरी टोपी सोलताच तांबूस पाणी ओघळतं. पिस्टन गंजून बसलाय. आत खड्डे पडलेत, म्हणजे घासून भागणार नाही, सिलिंडर बदलायचा. ऑइलही नवं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ या प्रतीचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पावणेचार टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १४० वर येते, आणि उकळलेल्या ऑइलने ब्रेक लागत नाही.

आता ऑइलच्या नळ्यांत शिरलेली एअर काढायची, सुरुवात सर्वात लांबच्या चाकापासून. पोरगा दांडी ढकलतो, काका सिलिंडरवरचं निपल (हवा सोडायचं छोटं तोंड) सैल करतात, नळीतून बुडबुडे येतात. दांडी सोडण्याआधी निपल बंद, नाहीतर हवा परत आत.

ग्रीस दुधाळ दिसलं तर हबमध्ये पाणी शिरलंय. तापलेला हब गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. म्हणून घाटावर पोचल्यावर चाकं निवू द्यावीत. घाई असली, तर परतल्यावर हब उघडून बघावाच.

राहिला रिव्हर्स. मागे ढकलतानाही तीच दांडी आत जाते, म्हणून खटका लावून ती अडवतात. हा खटका काढायचा राहिला, तर रस्त्यावर ट्रेलरला ब्रेकच नाही. काकांनी त्याला लाल चिंधी बांधली आहे, लांबून दिसेल अशी.