वरच्या पाण्याचं आमिष

(दृश्य: सकाळ. पाण्यावर तडतडणारी तारली, वर घिरट्या घालणारे पक्षी.)

खालून मोठ्या माशांनी तारलीला वर रेटलंय. वर पक्षी टपलेत. तारलीला पळायला जागाच उरलेली नाही. शिकारी मासा भक्ष्याला पाण्याच्या छतापाशी कोंडतो. वरच्या पाण्यात गरवण्याची सगळी कला त्याच्या या एका सवयीवर उभी आहे.

(दृश्य: पाण्याखालचा कॅमेरा. वरून लुअर, म्हणजे माशाच्या घाटाचं नकली आमिष, सरकत येतो.)

हे दृश्य नीट पाहा. आता आपण माशाच्या जागी आहोत. पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळे वरचं सगळं आकाश सुमारे ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत मावतं. खिडकीबाहेरचा पृष्ठभाग आरशासारखा असतो, त्यात खालचं पाणीच दिसतं. लुअर त्या खिडकीत आला, की दिसते ती उजेडावरची गडद आकृती. पाठीवरची चमकदार नक्षी, बारीक खवले, सोनेरी पट्टे यातलं इथून काय दिसतंय? काहीच नाही. म्हणून निवडताना आधी लांबी आणि घाट पाहा, मग तो तरंगतो कसा ते पाहा, मग पोटाचा रंग. पाठ भडक असावी ती आपल्यासाठी, लाटांमध्ये लुअर आपल्याला दिसत राहावा म्हणून.

(दृश्य: पॉपरचं तोंड, संथ गतीत.)

हा पॉपर. तोंड कोरलेलं, खोलगट. ओढला की हे तोंड पाणी पुढे ढकलतं, हवा आत खेचतं आणि 'भुप्प' असा आवाज होतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त. त्यामुळे पाणी खवळलेलं असेल, किंवा मासा खडकाच्या उतारावर खोल असेल, तर त्याला हाक मारायला पॉपरच हवा. तोंड जितकं खोल, तितका आवाज मोठा आणि खांदे तितके लवकर भरून येतात.

आणि हा तरंगता स्टिकबेट. तोंड निमुळतं, आवाज जवळजवळ नाही. ओढला की बुडी मारतो, बुडबुड्यांची रेघ सोडत अंग घुसळतो, थांबलं की वर येतो. पाणी नितळ आणि शांत असेल, मासा बिचकत असेल, तर पॉपर ठेवून द्या आणि हा लावा.

लांबी ठरवते ती समोरची शिकार. उडते मासे किंवा बांगडे पळत असतील तर १६ ते २० सेंटीमीटरचा लुअर चालतो. बोटभर तारली पळत असताना तोच फेकला, तर मासे त्याच्या आजूबाजूने खात राहतात आणि त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

(दृश्य: लाकूडकाम. भुसा, तार, पाण्याची टाकी.)

हातानं लुअर घडताना पाहिला, की तो पाण्यात असा का वागतो ते कळतं. हलक्या लाकडाचा तुकडा घासून माशाच्या घाटाचा होतो. मग त्याला पोटातून चीर, आणि चिरेत नाकापासून शेपटीपर्यंत एक अखंड स्टेनलेस तार. ही तार सगळ्यात महत्त्वाची. दाताखाली लाकूड फुटलं तरी दोर आणि गरी एकमेकांना धरून राहतात. मग शिसं. पोटात मधोमध बसवलं तर लुअर आडवा तरंगतो, शेपटीकडे सरकवलं तर शेपूट खाली करून जवळजवळ उभा राहतो. उभा राहणारा लांब फेकला जातो आणि ओढल्यावर पाण्याला घट्ट धरतो. आडवा असेल तो हलक्या झटक्यालाही वळतो. शिशाची जागा जराशी चुकली, तरी सगळी मेहनत वाया. म्हणून लाकडावर थर चढवून ते पाणबंद केलं, की लुअर टाकीत तपासतात, आणि तोही गऱ्या लावूनच. गरीचं वजन बदललं की तरंगणं बदलतं. विकत घेतलेल्या लुअरच्या गऱ्या बदलतानाही हे विसरू नका.

(दृश्य: बोटीच्या नाळेवर उभा गरवणारा. दांडीची लांब, आडवी ओढ.)

लुअर चालवायचा तो दांडीनं. रिळानं फक्त सैल झालेला दोर गोळा करायचा. दांडी बाजूला एका लयीत ओढा, थांबा, दोर गुंडाळा, पुन्हा ओढा. लाट पाहून ओढायचं. लुअर लाटेच्या माथ्यावर असताना हिसका दिला, तर तो हवेत उडून कोलांट्या खातो. तो लाटेच्या मागच्या उतारावर उतरू द्या, मग ओढा. वारा आडवा असेल तर दोराला पोट पडतं आणि अर्धी ओढ त्या पोटातच जिरते, म्हणून शक्यतो वाऱ्याच्या दिशेनंच फेका. लीडर, म्हणजे दोराच्या टोकाला लुअरच्या आधी जोडलेला तुकडा, गरजेपेक्षा जाड असला, तर हलका लुअर नाक दाबल्यासारखा जड चालतो.

(दृश्य: पाणी फुटतं. हल्ला चुकतो.)

थांबा. हेच पुन्हा, संथ गतीत.

मासा आला, पाणी फुटलं आणि दांडी झटकली गेली. माशाच्या तोंडात अजून काहीच नव्हतं. डोळ्यांना दिसलं म्हणून हात हलला, हा झटका चुकीचा. दोरावर वजन लागेपर्यंत लुअर तसाच चालवत राहायचा. बरेच मासे पहिला तडाखा भक्ष्याला गुंगवायला देतात आणि वळून घास घेतात. जायंट ट्रेव्हलीची नजर तर पाण्याच्याही वर असते. सेशेल्समधल्या फार्कहार प्रवाळबेटापाशी हा मासा उडत्या पक्ष्यावर झेप घेतो, त्याचं चित्रण २०१७ मध्ये जगभर पाहिलं गेलं. असा शिकारी लुअर चुकला म्हणून निघून जात नाही. लुअर जिवंत ठेवा, तो परत येतो. हा पाहा, आला.

(दृश्य: पक्कड आणि गरी, अगदी जवळून.)

लुअर पाकिटातून येतो तो बहुतेक वेळा तीन तोंडांच्या गऱ्यांसह. आम्ही त्या काढतो आणि तेवढ्याच वजनाच्या एकेरी गऱ्या लावतो. मग पक्कडीनं गरीचा उलटा काटा दाबून सपाट करायचा, दोन-तीन ठिकाणी, बोट फिरवून खात्री होईपर्यंत. काटा नसला की मासा सुटतो, असं म्हणतात. दोर ताणलेला ठेवला तर सुटत नाही. आणि लुअर उसळून अंगावर आला, तर हीच गरी आपल्या हातातून सहज निघते. गरवताना डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच.

(दृश्य: मासा बोटीच्या कडेला, पाण्यातच. गरी निघते.)

तीन तोंडांची गरी कल्ल्यात किंवा डोळ्यात रुतली, तर सोडलेला मासाही जगेलच असं नाही. इथे एकच गरी आहे, जबड्याच्या कोपऱ्यात. मासा पाण्याबाहेर न काढता ती पक्कडीनं मागे वळवली आणि निघाली. आता शेपटीच्या बुंध्याला धरून त्याचं तोंड प्रवाहाकडे ठेवायचं, म्हणजे कल्ल्यांतून पाणी वाहतं. तो स्वतः जोर करून हात सोडवेपर्यंत धरायचं. त्याआधी ढकलायचं नाही.