ड्रॅगन चालेल, पण चंद्र चुकवू नका

बसा बसा, मागे खुर्च्या आहेत अजून. आवाज येतोय ना शेवटपर्यंत? ठीक.

तर मला सांगण्यात आलंय की अर्धा वेळ नव्या कादंबरीबद्दल बोला आणि अर्धा वेळ लिहिण्याच्या टिप्स द्या, पण असं वेगवेगळं काही मला जमणार नाही, कारण या पुस्तकाची गोष्ट आणि ते लिहिताना मी जी माती खाल्ली ती, दोन्ही एकातच गुंतलंय. सो एकदमच सांगते.

कादंबरीचं नाव 'बारा भागांचं पाणी'. बारा भाग कसले ते येईल पुढे. समुद्रात एक बेट आहे, त्यावर किल्ला, आणि तिकडे जायला एकच वाट, समुद्राच्या तळावरून, ओहोटीला उघडी पडणारी. चार कोस. म्हणजे आपल्या हिशोबात साधारण बारा किलोमीटर. आणि त्या ओल्या वाळूवर तुम्ही जे लिहाल ते खरं होतं, पण पाणी येऊन पुसेपर्यंतच. असं लिहिणाऱ्या लोकांना रेघाळे म्हणतात. निरवा नावाची बाई आहे, वाट कधी उघडणार आणि कधी बंद होणार ते सांगणं हे तिचं काम. तिचा भाऊ वारलाय. आणि ती रोज ओहोटीला जाऊन वाळूवर त्याचं नाव लिहिते. बास, याच्या पुढचं सांगत नाही, नाहीतर तुम्ही पुस्तक कशाला घ्याल.

आता माती कशी खाल्ली ते. पहिल्या ड्राफ्टमध्ये निरवा तिसऱ्या प्रकरणात भर दुपारी बारा वाजता वाट ओलांडते. पौर्णिमा आहे, उधाणाचे दिवस, पाणी पार क्षितिजापर्यंत मागे गेलंय, अगदी छान सीन. मग ती आठ दिवस बेटावर राहते, आणि सातव्या प्रकरणात तशीच भर दुपारी बाराला परत निघते. मी लिहिलं, पाच-सहा जणांनी वाचलं, कोणी काही बोललं नाही. माझे ड्राफ्ट वाचणाऱ्यांत एक काका आहेत, सगळी नोकरी जहाजावर केलेले, फँटसी हा प्रकार त्यांनी जन्मात वाचला नव्हता, केवळ माझ्यावरच्या मायेपोटी वाचत होते. त्यांचा फोन आला. म्हणाले, "मेलेला भाऊ उठून बसला ते ठीक आहे गं, पण ही बाई चालतेय कुठून? तिच्या डोक्यावरून पाणी आहे."

झालं असं की भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, हे मला शाळेपासून माहीत आहे, तुम्हालाही असेल. पण मी त्याला आठने गुणलं नव्हतं. आठ दिवसांत होतात सहा तास चाळीस मिनिटं. म्हणजे बाराची ओहोटी सरकली पावणेसातच्या आसपास, आणि दुपारी बाराला जवळजवळ भर भरती. वर काकांनी अजून एक खिळा ठोकला. पौर्णिमेनंतर आठ दिवसांनी भांग असतो, भांगाला पाणी चढतंही कमी आणि उतरतंही कमी. तेव्हा तू कितीही वाजता पाठव तिला, म्हणाले, ती वाट त्या दिवशी उघडणारच नाही.

मी आधी वाद घातला, खोटं कशाला बोलू. म्हटलं काका, ही फँटसी आहे, माझा समुद्र आहे, माझा चंद्र आहे. ते म्हणाले, मग तसं लिही ना, की आमच्याकडे चंद्र वेगळा आहे. तू ते लिहिलेलं नाहीस, म्हणजे चंद्र आपलाच.

आणि हेच खरं तर मला आज सांगायचंय. वाचक अशक्य गोष्ट एका वाक्यात मान्य करतो. ड्रॅगन आहे? आहे. वाळूवर लिहिलेलं खरं होतं? बरं. कुरकुर करत नाही तो. पण तुमचा घोडा तीन दिवस न थांबता, न पाणी पिता दौडला की त्याला खटकतं, कारण घोडा त्याला माहितीये. पौर्णिमेचा चंद्र तुम्ही मध्यरात्री उगवलात की संपलं, कारण पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळता मावळताच उगवतो आणि हे ज्याने कधी मान वर करून बघितलंय त्याला कळतं. अरिस्टॉटलने 'पोएटिक्स'मध्ये हे कधीच सांगून ठेवलंय, की शक्य असूनही न पटणाऱ्या गोष्टीपेक्षा अशक्य पण पटणारी गोष्ट बरी. मी हे वाक्य कॉलेजात परीक्षेसाठी पाठ केलं होतं आणि कळलं मात्र काकांच्या फोनमुळे, असो.

एक दिलासा आहे, की माती खाणारी मी पहिली नाही. टॉल्किन 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहित होते तेव्हा, 1944 साली मुलाला लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी सांगितलंय की माझे चंद्र भलतंच काहीतरी करतायत, एका भागात उगवतायत आणि त्याच वेळी दुसऱ्या भागात मावळतायत. अख्खी दुपार त्यांची मागची प्रकरणं दुरुस्त करण्यात गेली. आता विचार करा, ज्या माणसाने अख्ख्या भाषा बनवल्या तो दुपारभर बसून चंद्र नीट लावतोय. चुकून कोणाच्या लक्षात आलंही नसतं. पण त्याला स्वतःला चालत नव्हतं.

मला मात्र दुपार नाही, चार महिने लागले. आणि गंमत काय झाली, की सोपी वाट होती, तारीख बदलायची आणि मोकळं व्हायचं, एका ओळीचं काम. मी ते केलंही. मग दोन दिवसांनी अंथरुणात पडल्या पडल्या वाटलं की अगं, पण वाट उघडणारच नाही हे जर निरवेला माहीत असेल तर? तिचं तर कामच ते. म्हणजे बेटावरच्या सगळ्यांना वाटतंय उद्या परत जाऊ, आणि तिला एकटीला माहितीये की आता पुढचं उधाण येईपर्यंत कोणी कुठे जाणार नाही. आणि वाळू उघडी पडणार नाही म्हणजे भावाचं नावही लिहिता येणार नाही. माझ्या कादंबरीचा मधला सगळा भाग, ज्याबद्दल लोक आता मला मेसेज करतायत, तो त्या चुकीतून आलाय. मी प्लॉट म्हणून बसून विचार केला असता तर तो मला सुचला नसता, पैजेवर सांगते.

म्हणून माझी पहिली टीप, जरा कोरडी आहे पण घ्या: वहीच्या शेवटच्या पानावर तुमच्या जगाचं कॅलेंडर काढा. कोण कुठल्या दिवशी कुठे आहे, चंद्र कसा आहे, किती अंतर आहे, चालायला किती वेळ. नकाशाही काढा, पण नकाशावर लोक डोंगरच काढत बसतात आणि तास लिहित नाहीत. माझं उदाहरण घ्या. बारा किलोमीटर, ओल्या वाळूत ताशी चारच्या वर कोणी चालत नाही, म्हणजे तीन तास. वाट उघडी असते चार तास, ओहोटीच्या आधी दोन आणि नंतर दोन. हातात राहिला एक तास. त्या एका तासात तुम्ही पायात काच घुसवा, म्हातारं माणूस बरोबर द्या, भांडण लावा, काहीही करा, वाचक घड्याळ बघत बसणार.

आणि बारा भाग म्हणजे काय, तर दर्यावर्दी लोकांचा एक ठोकताळा आहे, काकांनी मला कागदावर काढून दाखवला. ओहोटी ते भरती साधारण सहा तास, आणि एकूण चढणाऱ्या पाण्याचे बारा भाग धरायचे. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. म्हणजे पहिल्या दोन तासांत मिळून पाव पाणी, आणि पुढच्या दोन तासांत अर्धं! माणूस फसतो तो इथेच. तासभर बघतो, म्हणतो काही फार चढत नाहीये, चला अजून थोडं थांबू. मी तो कागद बघितला आणि म्हटलं काका, हे तर माझ्या खलनायकाचं वर्णन झालं. टायटल तिथेच मिळालं.

बरं, आता भाषेकडे येते, कारण मराठीत फँटसी लिहिणाऱ्यांची खरी पंचाईत तिथे आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. नावं ठेवताना काय करतात लोक, तर दोन-तीन जोडाक्षरं, मध्ये एक अपॉस्ट्रॉफी, झालं परग्रहावरचं नाव. माझी टेस्ट सोपी आहे. त्या नावाला विभक्ती लावा. ने, ला, चा, त, सगळे प्रत्यय लावून मोठ्याने म्हणा. पानावर भारी दिसणारं नाव 'ला' लावल्यावर जिभेला गाठ मारतं, आणि तुम्हाला ते चारशे पानं लिहायचंय. निरवा नाव ठरल्यावरही मी एक दिवस अडले होते, निरवाने की निरवेने? आजच्या नावांना आपण नेहाने, स्नेहाने म्हणतो, पण सीतेने, राधेने म्हणतो. मी 'निरवेने' घेतलं, आणि कुठलंही वर्णन न करता गोष्ट काही शतकं मागे गेली.

दुसरं म्हणजे लिंग. इंग्रजीत लिहिणाऱ्याला नव्या प्राण्याचा तो-ती-ते ठरवावा लागत नाही, आपल्याला पहिल्या वाक्यात ठरवावा लागतो. डोकेदुखी वाटते पण सोनं आहे ते. माझ्या पुस्तकात चिखलात गाड्या ओढणारा उंच पायांचा प्राणी आहे, ढोपरा. तो ढोपरा. लाथा मारतो, निरवेचं आणि त्याचं अजिबात पटत नाही. आणि बाराव्या प्रकरणात त्याचा पाय मोडतो, तिथे पहिल्यांदा मी लिहिलं, "ते ढोपरं तिच्याकडे बघत होतं." आपण नाही का, कुत्रा भुंकतो म्हणतो, आणि तोच पावसात भिजला की म्हणतो बिचारं कुत्रं. एका अनुस्वारात तिचं मन बदललं. मला त्यासाठी वेगळा परिच्छेद लिहावा लागला नाही.

तिसरं, तू आणि तुम्ही. निरवा राजाला तुम्ही म्हणते, समुद्राला तू म्हणते. आणि भाऊ, जो तिला जन्मभर तू म्हणत आला, तो एका ओहोटीला वाळूतून उठतो आणि विचारतो, "तुम्ही कधी आलात?" मला स्वतःला लिहिताना काटा आला होता. एडिटिंगमध्ये कोणीतरी ती टायपिंगची चूक समजून 'तू कधी आलीस' करून टाकलं होतं, अगदी शेवटच्या प्रूफला पकडलं मी!

माहिती कशी द्यायची हे बरेच जण विचारतात. तुम्ही जग बनवलंय, तीनशे वर्षांचा इतिहास लिहून ठेवलाय, आणि तो सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. माझ्या जुन्या ड्राफ्टमध्ये असं होतं: "रेघाळ्यांना किल्ल्यात प्रवेश नव्हता, कारण पूर्वी एकदा..." आणि मग दीड पान. आता तिथे एवढंच आहे:

"नखं दाखव," पहारेकरी म्हणाला. निरवेने हात पुढे केला. त्याने एकेक बोट उलटं करून बघितलं. वाळू नव्हती. दार उघडलं.

दीड पान गेलं, त्याचं दुःख मला अजून आहे, पण वाचकाला सगळं कळतं. आणि ती नखं घासून आलीये हेही कळतं.

मघाशी एकाने चिठ्ठी पाठवली की जादूचे नियम आधी सगळे ठरवायचे का. नाही. एक ठरवा आणि त्याच्याशी प्रामाणिक राहा, माझा नियम एकच होता, पाणी पुसतं. बाकीचे त्यातूनच निघाले. रोज किती लिहिता, कितव्या वेळी लिहिता, यावर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, मी अत्यंत बेशिस्त आहे.

पुस्तकं मागच्या टेबलावर आहेत, सही हवी असेल तर थांबा, मी आहे. आणि एक कबुली देऊन टाकते. दुसऱ्या प्रकरणात निरवा किनाऱ्याच्या वाळूत उभी राहून लांबच्या किल्ल्याच्या वाळूला टेकलेल्या पायऱ्या मोजते. छपाई झाल्यावर मी हिशोब केला. उभ्या माणसाला समुद्रसपाटीवर साडेचार किलोमीटरच्या आसपास क्षितिज असतं, किल्ला बारावर आहे, म्हणजे खालचा चारेक मीटरचा भाग पृथ्वीच्या गोलाईआड जातो. त्या पायऱ्या तिला दिसणंच शक्य नाही. दुसऱ्या आवृत्तीत तिला बुरुजावर चढवणार आहे मी. काका म्हणतायत अजून एक चूक आहे, पण कुठे ते सांगत नाहीत, नुसते हसतात. तुमच्यापैकी कोणाला सापडली तर पान नंबर कळवा, त्यांच्या आधी.