दाभोळची वीज, दहेजचा गॅस

[दृश्य: वाशिष्ठीची खाडी. दाभोळहून सुटणारी फेरीबोट.]

फेरीबोट दाभोळचा धक्का सोडते. दुचाक्या, चार-दोन मोटारी, उभी माणसं. वाशिष्ठी इथे समुद्राला मिळते. समोर धोपावे, आणि खाडीच्या मुखाशी अंजनवेलचा गोपाळगड. त्याच बाजूला उंच धुराडी दिसतात. साऱ्या जगाने ज्याला ‘दाभोळ प्रकल्प’ म्हटलं तो वीजप्रकल्प दाभोळात नाहीच, तो या पलीकडच्या तीरावर, गुहागर तालुक्यात आहे. त्याला अजूनही बरेच जण ‘एन्रॉन’च म्हणतात. ती कंपनी बुडाली 2001 साली.

परदेशी माल या खाडीला नवा नाही. बहामनी काळात अरबस्तानातले घोडे इथे उतरत आणि घाट चढून दख्खनच्या फौजांत जात. अरबी समुद्रावरचा व्यापार कुणाच्या हाती राहणार, यावरून पुढे तोफा चालल्या. 1508च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने दाभोळ जाळलं. 

1992 मध्ये परदेशी आले ते कागद घेऊन.

[दृश्य: 1991ची वृत्तपत्रं. सोनं गहाण ठेवल्याच्या बातम्या.]

आदल्याच वर्षी देशाने सोनं गहाण टाकलं होतं. परकीय चलन जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलेलं. वीज हवी होती आणि कारखाने उभारायला पैसा नव्हता, म्हणून परदेशी भांडवलाला दार उघडलं. जून 1992 मध्ये राज्य वीज मंडळ आणि अमेरिकेतली एन्रॉन कंपनी यांच्यात सामंजस्य करार झाला, आणि डिसेंबर 1993 मध्ये वीस वर्षांचा वीजखरेदी करार.

त्या कराराचं मर्म आपल्या घरच्या वीजबिलातल्या एका ओळीने समजतं. ती ओळ म्हणजे ‘स्थिर आकार’. दिवा लावा की न लावा, तो भरावाच लागतो. दाभोळचा स्थिर आकार मात्र डॉलरशी बांधलेला होता. मंडळाने वीज घेतली नाही तरी प्रकल्प सज्ज असल्याचे पैसे द्यायचे. इंधन महागलं तर भार मंडळावर, रुपया घसरला तरी मंडळावरच. वर राज्य सरकारची हमी आणि तिच्यावर केंद्राची प्रतिहमी, म्हणजे राज्याने पैसे दिले नाहीत तर केंद्राने द्यायचे. एवढी वीज राज्याला परवडणार नाही, असं जागतिक बँकेने 1993 मध्येच कळवलं होतं आणि कर्ज नाकारलं होतं. तरीही सही झाली.

[दृश्य: वेलदूरचा किनारा, वाळत घातलेली जाळी.]

ज्यांच्या दारात हे सगळं आलं त्यांना कुणी विचारलं नाही. वेलदूर मच्छीमारांचं गाव. विरोध करणाऱ्यांच्या मोर्च्यांवर लाठ्या पडल्या. 3 जून 1997 च्या पहाटे पोलीस वेलदूरमध्ये शिरले आणि बायकांना घरांतून ओढून नेलं. आंतरराष्ट्रीय मानवी हक्क संघटनांनी त्यावर अहवाल लिहिले. दोन देशांच्या गुंतवणुकीची कथा सांगताना ही पहाट वगळून चालणार नाही.

राजकारणही कमी तापलं नाही. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू, अशी 1995च्या निवडणुकीतली घोषणा होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये युती सरकारने करार रद्द केला. त्याच्या दोन महिने आधीच अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने इशारा दिला होता की, करार मोडलात तर भारतातले इतर वीजप्रकल्पही अडचणीत येतील. एका राज्याच्या वीज मंडळाचा करार आणि बोलतंय परक्या देशाचं सरकार! कंपनीने लंडनमध्ये लवाद मागितला. काही महिन्यांत नव्याने बोलणी झाली, प्रकल्प आणखी मोठा ठरला. 1996 च्या मे महिन्यात, अवघे तेरा दिवस टिकलेल्या केंद्र सरकारने त्याच्या प्रतिहमीला मंजुरी दिली.

मे 1999 मध्ये पहिल्या टप्प्यातली 740 मेगावॅट वीज सुरू झाली. इंधन होतं नाफ्था, खनिज तेलातून निघणारं. तेल भडकलं, रुपया उतरला आणि काही महिने युनिटचा दर सात रुपयांच्या वर गेला. वीज मंडळाने पैसे थकवले, कंपनीने केंद्राची प्रतिहमी वटवायला काढली. मे 2001 मध्ये वीजनिर्मिती थांबली. जूनमध्ये सोनिया गांधी वॉशिंग्टनला गेल्या, तेव्हा अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांनी त्यांच्यापाशी दाभोळच्या थकबाकीचा विषय काढला. गुहागरच्या वीजबिलाची चर्चा तिथवर पोचली होती. 2 डिसेंबरला एन्रॉननेच दिवाळखोरी जाहीर केली. 

[दृश्य: गॅसवाहू जहाज, पांढऱ्या टाक्या.]

दाभोळच्या दुसऱ्या टप्प्यासाठी ओमान आणि अबू धाबीहून द्रवरूप गॅस यायचा होता. हा गॅस म्हणजे काय, ते पाहण्यासारखं आहे. नैसर्गिक वायू उणे 162 अंशांपर्यंत गार केला की त्याचा द्रव होतो आणि सहाशे घनमीटर वायू एका घनमीटरमध्ये मावतो. त्यासाठी विकणाऱ्याकडे अब्जावधी डॉलरचा शीतकरण कारखाना लागतो, मध्ये खास जहाजं लागतात, आणि घेणाऱ्याकडे तशाच गार टाक्या लागतात. यातली एक कडी निखळली की बाकीचा पैसा गंजत पडतो. म्हणून असा सौदा वीस-पंचवीस वर्षांचा असतो. मुलीचं लग्न ठरवावं तसं लोक एकमेकांचं घर पाहून घेतात. दाभोळ बंद पडलं तेव्हा ओमानला त्या गॅससाठी नवं गिऱ्हाईक शोधावं लागलं.

याच किनाऱ्यावर, उत्तरेला, गुजरातेत दहेज आहे. 1999 मध्ये पेट्रोनेट या भारतीय कंपनीने कतारशी पंचवीस वर्षांचा करार केला, वर्षाला 75 लाख टनांचा. जानेवारी 2004 मध्ये ‘दिशा’ नावाचं जहाज कतारचा पहिला गॅस घेऊन दहेजला लागलं. इथेही दर तेलाशी जोडलेला होता आणि 2015 मध्ये तो गळ्याशी आला. खुल्या बाजारात गॅस जवळपास निम्म्या किमतीत मिळत होता, म्हणून पेट्रोनेटने ठरल्यापेक्षा कमी उचल केली. कराराप्रमाणे दंड होत होता सुमारे 12 हजार कोटी रुपये.

कतारने तो माफ केला. डिसेंबर 2015 च्या अखेरीस नवं सूत्र ठरलं आणि दर जवळजवळ अर्ध्यावर आला. त्या बदल्यात भारताने वर्षाला आणखी दहा लाख टन घ्यायचं कबूल केलं. कतारने हे काही उदारपणाने केलं नाही. गिऱ्हाईक बुडालं तर पुढे कुणाला विकणार, हा साधा दुकानदारी हिशेब त्यात होता, आणि मला तो शहाणपणाचा वाटतो. दाभोळच्या करारात अशी वाकायची जागा फार थोडी ठेवली होती. फेब्रुवारी 2024 मध्ये दहेजचा करार 2048 पर्यंत वाढवण्यात आला. 

[दृश्य: पावसाळी समुद्र. रिकामी जेट्टी.]

इकडे 2005 मध्ये दाभोळ प्रकल्प भारतीय सरकारी कंपन्यांकडे आला. यंत्रं पुन्हा फिरली, मग देशातलाच गॅस आटला आणि पुन्हा मंदावली. गॅसची जेट्टी 2013 मध्ये सुरू झाली, पण लाटा अडवणारा बांध अपुरा होता. त्यामुळे कित्येक वर्षं पावसाळ्यात तिथे जहाज लागत नसे. कोकणातल्या होडीसारखंच, चार महिने बंद.

30 मार्च 2018. पावसाळ्याला अजून दोन महिने अवकाश होता. गेल या भारतीय सरकारी गॅस कंपनीने वीस वर्षांच्या कराराने घेतलेल्या गॅसचं पहिलं जहाज त्या दिवशी या जेट्टीला लागलं. ते अमेरिकेतल्या लुईझियानाहून आलं होतं.