मोटार पाणी ओढत नाही तेव्हा

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

आपल्यातल्या अनेकांचं साताऱ्यात नाहीतर सांगलीत घर आहे. एकतर ते बंद असतं, किंवा तिथे आई-वडील दोघंच राहतात. सुट्टीत गेल्यावर पहिल्याच सकाळी कळतं की मोटार फिरतेय, पण वरच्या टाकीत थेंब पडत नाही. प्लंबर म्हणतो, परवा येतो. हे काम घरातल्या कोणालाही तासाभरात जमतं, म्हणून आज तेवढंच सांगतो.

किर्लोस्करवाडी आपल्या सांगली जिल्ह्यातली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली तिथे कारखाना उभा केला, लोखंडी नांगर केले. आज तिथे पंप बनतात. ज्या जिल्ह्यात पंप घडतात, तिथल्या माणसांना पंपात पाणी भरता यायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो. खरं तर तो आतला दाब कमी करतो आणि बाहेरची हवा हौदातलं पाणी वर ढकलते. पंपात हवा शिरली की पंपातला पाणी फेकणारा पंखा ती नुसती घुसळत बसतो. शिवाय या ढकलण्याला मर्यादा आहे. हिशोबाने समुद्रसपाटीला सुमारे १०.३ मीटर, प्रत्यक्षात सहा-सात. सातारा सातशे मीटरच्या आसपास उंचीवर, तिथे आणखी थोडं कमी. विहिरीचं पाणी त्याहून खाली गेलं असेल तर वर बसवलेल्या पंपाशी झटापट करू नका.

आधी एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, खाली पाडा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग हौदात डोकावा. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या खालच्या टोकाची एकतर्फी झडप, पाण्यात किमान फूटभर बुडालेला हवा, नाहीतर भोवऱ्यातून हवा आत जाते. आता पंपावरचा पाणी भरायचा बूच पान्ह्याने काढा आणि तांब्याने सावकाश पाणी ओता. बुडबुडे थांबेपर्यंत ओतायचं, घाई करायची नाही. काठोकाठ भरलं की पाच मिनिटं नुसतं बघत थांबा.

पाणी खाली उतरलं तर बहुतेक वेळा दोष फूटव्हॉल्व्हचा असतो. झडपेत खडा किंवा गाळ अडकतो, नाहीतर वायसर कडक होऊन चिरतो. पाइप वर घ्या, जाळी ब्रशने धुवा, वायसर बदला.

पातळी टिकली, तरी बूच लावून मोटार चालू केल्यावर पाणी चढत नाही? मग ओढणाऱ्या पाइपाचा एखादा सांधा हवा घेतोय. हा दोष फसवा आहे, कारण पंप चालू असताना तिथून पाणी गळत नाही, उलट हवा आत जाते. सांधा उघडा, आटे कोरडे पुसा, टेफ्लॉन टेप ताणून सहा-आठ वेढे द्या. पाइपाचं आट्यांचं टोक आपल्याकडे धरून वेढे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घ्यायचे. उलटे दिले तर आवळताना टेप सुटून गोळा होते.

पाणी न भरता मोटार चालवू नका. फिरणाऱ्या दांड्याभोवती पाणी अडवणारं आतलं सील पाण्यानेच थंड राहतं. कोरडं फिरलं की जळतं आणि दांड्याजवळून गळती लागते.

बरेच महिने बंद राहिलेली मोटार कधी नुसती गुणगुणते, फिरत नाही. लगेच बंद करा, नाहीतर वायंडिंग, म्हणजे मोटारीतली तारेची गुंडाळी, जळेल. बहुतेक वेळा पंखा गंजाने धरलेला असतो. एमसीबी पाडलेला ठेवून मागच्या बाजूने दांडा फिरवून बघा. बऱ्याच मोटारींना तिथे स्क्रूड्रायव्हरची खाच असते. हलका फिरूनही मोटार गुणगुणतेच, तर कपॅसिटरचा, म्हणजे मोटार सुरू व्हायला मदत करणाऱ्या विजेच्या भागाचा, संशय घ्या. त्याला मात्र हात लावू नका. वीज बंद केल्यावरही त्यात भार राहतो, म्हणून ते काम इलेक्ट्रिशियनचं. जुन्या कपॅसिटरवरचे मायक्रोफॅरड आणि व्होल्टचे आकडे वाचून त्याला फोनवरच सांगा, म्हणजे तो योग्य नग घेऊनच येईल.

घर बंद करून निघताना पंपाचा खालचा बूच काढून पाणी सोडून द्या, आणि तो बूच एमसीबीच्या डब्याला दोऱ्याने बांधून ठेवा. पुढच्या वेळी वीज चालू करायला जाल तेव्हा तो आधी हाताला लागेल.