लोखंडावरची अक्षरं : सांगलीतली एक जीप वाचताना

[दृश्य : माधवनगरमधलं गॅरेज. बाकावर पसरलेले नट-बोल्ट. कॅमेरा एका बोल्टवर स्थिरावतो.]

या बोल्टच्या डोक्यावर नीट बघा. गंज आहे, जुनं ग्रीस आहे आणि मधोमध एक बारीक इंग्रजी अक्षर आहे, एफ. हा फोर्ड कंपनीचा एफ.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला जीप हव्या होत्या, त्याही लाखांनी. मंजूर झालेला नमुना विलिस-ओव्हरलँडचा होता, पण एका कारखान्याला तेवढं काम झेपणारं नव्हतं. म्हणून तीच जीप फोर्डलाही बनवायला दिली. अट अशी, की एकीचा कुठलाही भाग दुसरीला बसला पाहिजे. विलिसने सुमारे ३ लाख ६० हजार गाड्या बनवल्या, फोर्डने सुमारे २ लाख ७७ हजार. विलिसच्या गाडीचं नाव एमबी, फोर्डच्या गाडीचं जीपीडब्ल्यू. यातला जी म्हणजे सरकारी कामाची गाडी, पी म्हणजे ८० इंची व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) आणि डब्ल्यू म्हणजे विलिसचा नमुना. दोघी बाहेरून सारख्याच. पण फोर्डने आपल्या कितीतरी भागांवर, अगदी बोल्टवरसुद्धा, आपला एफ उमटवून ठेवला.

समोर उभी असलेली जीप तासगाव भागातल्या एका द्राक्ष बागायतदारांच्या घरची आहे. घरात सगळे तिला ‘विलिस’ म्हणतात. गाडीचे जुने कागद सांगलीतल्या घरी कपाटात होते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. इथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या पाण्यात कपाट गेलं आणि कागदांचा लगदा झाला.

गाडी कुठली, किती सालची, तिच्यातलं काय मूळचं आणि काय नंतरचं, हे आता लोखंडालाच विचारायचं.

[दृश्य : इंजिन ब्लॉकवर तिरका टॉर्च.]

वाचायला बसण्याआधी एक फरक ओळखता आला पाहिजे. कोल्हापूर-सांगलीच्या फौंड्रीत काम केलेल्या माणसाला तो सांगावा लागत नाही. काही आकडे पृष्ठभागाच्या वर आलेले असतात, काही आत गेलेले. वर आलेला आकडा साच्यातून येतो. साचा ज्या नमुन्यावरून घेतात त्या पॅटर्नवरच तो बसवलेला असतो, त्यामुळे त्या पॅटर्नवर ओतलेल्या प्रत्येक बिडाच्या तुकड्यावर तोच आकडा उमटतो. आत गेलेला आकडा पंचाने ठोकलेला असतो. तो एका विशिष्ट नगाचा, आणि बहुतेक वेळा ओतकाम, मशीनिंग उरकल्यावरचा.

पुष्कळ लोक ओतीव नंबर इंटरनेटवर शोधतात आणि सापडलेलं साल गाडीचं साल म्हणून सांगून मोकळे होतात. तो नंबर फक्त पॅटर्नची ओळख असतो, आणि एकच पॅटर्न दहा-दहा वर्षं वापरात राहतो. शेव्हरोलेच्या ३५० घनइंची इंजिनाचा ३९७००१० हा ब्लॉक १९६९ पासून पुढे सत्तरचं दशकभर ओतला जात होता. एवढ्या नंबरावरून साल कसं सांगणार?

साल सांगणारा कोड वेगळा असतो आणि तो कंपनीगणिक बदलतो. जनरल मोटर्सच्या ओतकामावर आधी महिन्याचं अक्षर, मग तारीख, मग वर्षाचा शेवटचा आकडा. ‘सी १४ ५’ म्हणजे १४ मार्च, आणि वर्ष ५ वर संपणारं. ते १९५५ की १९६५, हे पॅटर्नच्या नंबरावरून ठरवायचं. दोन खुणा एकमेकींना साक्ष देतात, तेव्हा कुठे एक वाक्य पुरं होतं. फोर्डच्या त्या काळातल्या पद्धतीत वर्ष आधी येतं, ‘५ सी १४’. शिवाय फोर्ड महिन्यांसाठी आय हे अक्षर वापरत नाही, कारण ते १ सारखं दिसतं. त्यामुळे जे हे अक्षर फोर्डकडे सप्टेंबर आणि जनरल मोटर्सकडे ऑक्टोबर. फोर्डच्या भागावर ‘सी ५ ए ई’ अशी सुरुवात दिसली तर सी म्हणजे साठचं दशक, ५ म्हणजे १९६५, ए म्हणजे मोठी फोर्ड आणि ई म्हणजे इंजिन विभाग. पण हे साल त्या भागाच्या आराखड्याचं. तो ओतला कधी, हे तारखेचा कोडच सांगणार.

[दृश्य : जीपच्या पुढच्या बंपरमागे. मिस्त्री जमिनीवर आडवे.]

आता जीपकडे. मिस्त्रींनी पहिल्यांदा हात घातला तो पुढच्या आडव्या मेंबरला, म्हणजे रेडिएटरच्या खाली चेसीच्या दोन्ही दांड्यांना जोडणाऱ्या तुकड्याला. एमबीमध्ये तो गोल पाइप असतो. जीपीडब्ल्यूमध्ये तो दाबलेल्या पत्र्याची, उलट्या यू आकाराची पन्हळ असते. इथे पन्हळ आहे.

दुसरी साक्ष नंबराची. विलिसचा चेसी नंबर एका छोट्या पट्टीवर असतो आणि ती पट्टी डाव्या दांडीच्या आतल्या अंगाला रिव्हेट केलेली असते. रिव्हेट काढले की पट्टी दुसऱ्या गाडीवर जाऊ शकते. फोर्डने नंबर थेट दांडीवर ठोकला, डाव्या बाजूला, वरच्या अंगाला, इंजिन माउंटिंगच्या जवळ. तिथे रंगाचे थर होते आणि त्यांच्याखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. ती मऊ करून काढल्यावर जी, पी, डब्ल्यू ही अक्षरं दिसली आणि पुढे आकडे. घरची ‘विलिस’ चेसीने फोर्ड निघाली. मालक थोडा वेळ गप्प होते, मग त्यांनी गावी फोन लावला.

केवळ एफचा बोल्ट सापडला म्हणून कुणी एवढी उडी घेऊ नये. कुठल्याही जुन्या गॅरेजमध्ये बोल्टचा एक डबा असतो. त्यात दहा गाड्यांचे बोल्ट असतात आणि हाताला लागेल तो लावला जातो. चेसी मात्र डब्यातून येत नाही.

[दृश्य : शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली जुनं पेट्रोल इंजिन.]

गाडीत सध्या प्यूजोचं एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन आहे. आपल्या भागात हे नवल नाही. पेट्रोल परवडेना, तेव्हा कितीतरी जीपमध्ये डिझेल इंजिनं चढली. या घरच्यांनी जुनं इंजिन भंगारात घातलं नाही, यासाठी त्यांचे आभार मानायला हवेत. ते इंजिन २१९९ सीसीचं आणि ६० हॉर्सपॉवरचं. उजव्या अंगाला ऑइल फिल्टरमागे सपाट जागा आहे, तिथे नंबर ठोकलेला आहे. सुरुवातीची अक्षरं एम आणि बी.

चेसी फोर्डची, इंजिन विलिसचं. बघ्यांपैकी एक जण लगेच म्हणाला, “मग ही जोडून केलेली गाडी!”

इथे थांबायला हवं. फोर्डच्या कारखान्यातून जीप बाहेर पडताना तिच्या चेसीचा आणि इंजिनाचा नंबर एकच असे. विलिसच्या कारखान्यात ते दोन नंबर मुळातच वेगवेगळे असत. म्हणजे कुणी एमबी विकायला आणून अभिमानाने सांगू लागला, की दोन्ही नंबर तंतोतंत जुळतात, तर आनंद मानण्याऐवजी तो नंबर कधी ठोकलाय ते बघावं. आणि फोर्डच्या चेसीत विलिसचं इंजिन दिसलं, तर ते नंतरच्या कुणा गॅरेजचंच काम असेल असं नाही. युद्धातच सैन्याच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं सर्रास बदलली जात. भाग परस्परांना बसावेत ही अट त्यासाठीच तर होती. युद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्याच्या उरलेल्या गाड्या भारतात विकल्या गेल्या, तेव्हा त्यांतल्या अनेक आधीच अशा मिश्र झालेल्या होत्या.

गिअरबॉक्सचं उत्तर सोपं आहे. युद्धकाळातल्या जीपला टी-८४ असतो, इथे केसवर टी-९० असा उठाव आहे. तो युद्धानंतरच्या नागरी जीपचा. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलिसच्या जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे उंच बॉनेटची सीजे ३बी गावोगाव पोचली. हा गिअरबॉक्स त्या घराण्यातून आला असणार.

[दृश्य : जुनी अमेरिकन मोटार, मागच्या सीटच्या स्प्रिंगा.]

जीपला नाही, पण साठ-सत्तरच्या दशकातल्या पुष्कळ अमेरिकन मोटारींना कागदाची साक्ष असते, तिला बिल्ड शीट म्हणतात. ऑर्डरप्रमाणे छापलेला कागद असेंब्ली लाइनवर फिरे. कुठला रंग, कुठलं इंजिन, कुठला गिअरबॉक्स, हे कामगार त्यावरून बघत. काम झालं की तो सीटच्या स्प्रिंगांत, गालिच्याखाली किंवा पेट्रोलच्या टाकीवर राहून जाई. अशी सीट कुशनवाल्याकडे जाते आणि तो कळकट कागद कचऱ्यात जातो. सीट उघडताना मालकाने स्वतः हजर राहावं, असं मला कळकळीने सांगायचं आहे. ब्रिटिश मोटारींसाठी दुसरी सोय आहे. गेडन इथल्या ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्टकडे मॉरिस, ऑस्टिन, एमजी यांच्या कारखान्यातल्या नोंदवह्या आहेत, त्यांवरून ते दाखला देतात. मर्सिडीजचं डेटा कार्ड असतं, म्हणजे कारखान्यातून निघताना त्या गाडीत काय काय होतं त्याची नोंद.

आपल्याकडच्या अँबेसेडरचं काय? तिच्या डायनॅमोची पट्टी पुसून बघा. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या इलेक्ट्रिक भागांवर मॉडेल, पार्ट नंबर आणि बहुतेक वेळा महिना-वर्ष असतं. ‘६ ६१’ म्हणजे जून १९६१. लुकास-टीव्हीएसची स्थापनाही १९६१ सालचीच, चेन्नईजवळ पाडी इथे. त्यामुळे पट्टीवर इंग्लंडचं नाव आहे की लुकास-टीव्हीएसचं, एवढ्यावरूनही पुष्कळ कळतं. फियाट अकराशेची खूण १०३ या आकड्यात आहे, ते त्या मॉडेलचं कारखान्यातलं नाव. ती गाडी कुर्ल्यात बनवणारी प्रीमियर कंपनी ज्या वालचंद हिराचंद यांची, त्यांचंच नाव आपल्या विश्रामबागच्या इंजिनिअरिंग कॉलेजला आहे. तिथल्या मुलांनी एखादी पद्मिनी अशी वाचून काढली तर फार आवडेल.

[दृश्य : मिस्त्रींचे हात. रॉकेल, नायलॉनचा ब्रश, खडू.]

अक्षरं वाचायची तर ग्राइंडर लांब ठेवायचा. तारेचं चाक क्षणात ठोकलेला आकडा सपाट करतं. आधी आहे तसा फोटो. मग रॉकेल, मऊ ब्रश, फडकं. उठाव असेल तर वरून खडू आडवा फिरवायचा. खोल आकडा असेल तर बाजूने तिरका उजेड, आणि आरटीओच्या कामासाठी चेसीची छाप घेतो तशी कागद ठेवून पेन्सिल.

सर्वांत जपून काम बॉनेटच्या बाजूंवर चाललंय. सैन्याचा नोंदणी क्रमांक तिथे रंगवलेला असे, आणि जीपचा क्रमांक २० ने सुरू होई. युद्धाच्या पूर्वार्धात तो मंद निळ्या रंगात असे, पुढे पांढऱ्यात. क्रमांकाच्या शेवटी एस असेल तर रेडिओला अडथळा येऊ नये अशी व्यवस्था त्या गाडीत केलेली असायची. पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने एकेक थर उतरवत मिस्त्री २ आणि ० पर्यंत पोचलेत. डेंटिंग-पेंटिंगवाल्याने पत्रा उघडा करून नवा रंग मारला असता, तर हे आकडे कायमचे गेले असते.

[दृश्य : मालक आणि मिस्त्री, समोर वही.]

या सगळ्याला आता कायद्याचंही निमित्त आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या दुचाकी-चारचाकीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते, व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. म्हणून जुनं पेट्रोल इंजिन बोअरिंगला जाणार आहे. डिझेल इंजिनाचा नंबरही वहीत उतरवला आहे. द्राक्षाच्या पेट्या त्याने ओढल्या आहेत, तोही या गाडीचा इतिहास आहे.

एक प्रश्न राहिला होता. डॅशबोर्डवरच्या पेटीच्या झाकणावर मूळच्या माहितीच्या पाट्या असतात, त्यांतल्या एकीवर नंबर आणि गाडी सैन्याला सोपवल्याची तारीख. इथे रिव्हेटची भोकं आहेत, पाट्या नाहीत. नव्या बनावटीच्या हुबेहूब पाट्या विकत मिळतात आणि हवी ती तारीख ठोकून देणारेही भेटतात. मालकांनी पाटी मागवली आहे. तिच्यावर चेसीवर वाचलेला नंबर येईल आणि तारखेचा रकाना कोरा राहील. इंजिन नंबर जुळवून ठोकायचा का, असं एकाने सुचवलं होतं. मिस्त्रींनीच नाही म्हणून सांगितलं.