मुंबई–नागपूर: ६८० किलोमीटरना दीड तास का लागतो?

(दृश्य: मुंबई विमानतळ, सकाळ. धावपट्टीकडे सरकणारी विमानांची रांग.)

मुंबई ते नागपूर हवाई अंतर साधारण ६८० किलोमीटर, म्हणजे जवळपास ३७० नॉटिकल मैल. एअरबस ए-३२० उंचावर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास उडतं. नुसता भागाकार केला तर पन्नास मिनिटं होतात. तिकिटावर मात्र दीड तासाच्या आसपास वेळ दिसते. ती फुगवलेली वाटते, पण आहे रास्तच.

चाकांना लावलेले अडसर, म्हणजे चॉक, काढून विमान मागे ढकललं की ही वेळ मोजायला सुरुवात होते आणि नागपूरला पुन्हा चॉक लागले की थांबते. याला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. दोन्हींवर एकाच वेळी मोकळेपणाने वाहतूक चालवता येत नाही. त्यामुळे बहुतेक सगळा भार ०९/२७ या पूर्व-पश्चिम मुख्य पट्टीवर (०९ म्हणजे पूर्वेकडे तोंड, २७ म्हणजे पश्चिमेकडे). गर्दीच्या वेळी पंधरा-वीस मिनिटं रांगेतच जातात.

(दृश्य: जुहूच्या किनाऱ्यावरून चढत जाणारं विमान.)

पट्टी २७ वरून उड्डाण होतं पश्चिमेला, समुद्राकडे. नागपूर पूर्वेला, म्हणजे आधी वळसा आलाच. त्यात दहा हजार फुटांखाली वेगमर्यादा २५० नॉट, ताशी ४६३ किलोमीटर.

उतरण्याचा ढोबळ हिशेब दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल. ३५ हजार फुटांवरून खाली यायला १०५ नॉटिकल मैल, म्हणजे १९५ किलोमीटर. चढायलाही जवळपास तेवढेच लागतात. पूर्ण वेगाने कापायला उरतात तीनशेच्या आतले किलोमीटर, वीसेक मिनिटांचे! छत्रपती संभाजीनगर तर हवाई मार्गाने जेमतेम २८० किलोमीटर. तिथे चढणं संपतं न संपतं तोच उतरणं सुरू. म्हणून अंतर निम्म्याहून कमी असूनही तासभर लागतोच.

हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून येतो. ताशी शंभर किलोमीटरचा वारा पाठीशी असला तर जमिनीच्या हिशेबाने वेग ९३०, समोरून आला तर ७३०. म्हणून त्या दिवसांत परतीला वेळ जास्त. त्यातच मुंबईत उतरायला जागा नसेल तर विमान लांबट गोलात घिरट्या घालतं: एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, पुन्हा सरळ, पुन्हा वळण. अशी एक फेरी चार मिनिटांची. तीन फेऱ्या झाल्या की बारा मिनिटं गेली. मुंबईहून पुढचं विमान पकडायचं असेल तर हे धरूनच मधला वेळ ठेवा.

तिकिटावरचा कोडही बघून घ्या. बीओएम म्हणजे जुना विमानतळ, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. आकाशात फरक दोन-तीन मिनिटांचा. बोरिवलीहून निघणाऱ्याला रस्त्यावर मात्र तासभर जास्त धरावा लागतो. जुन्या विमानतळावर जायचं असेल तर टर्मिनल एक की दोन, तेही पाहा. दोन्हींची दारं वेगळ्या रस्त्यांवर आहेत. देशांतर्गत उड्डाणांचे चेक-इन काउंटर बहुतेक कंपन्या साठ मिनिटं आधी बंद करतात.